माजरीचे भुताचे घर

हिंगणघाटहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की नागरी, वरोरा ही स्टेशने मागे पडतात आणि मग माजरी येते. वरोऱ्यापर्यंत दोन्ही अंगांना आपले ओळखीचे जग असते. वेचणीला आलेला कापूस, फुलावर आलेली तूर, धुऱ्यावर बांधलेली बैलजोडी. माजरी जवळ आली की क्षितिजावर डोंगर दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटते, इथे डोंगर कुठून आले? ते डोंगर नव्हेत. कोळशाच्या खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे ते ढिगारे आहेत.

माजरी हे भद्रावती तालुक्यातले जंक्शन आहे. दिल्लीहून चेन्नईला जाणारा मोठा लोहमार्ग इथून जातो आणि एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे, पुढे आदिलाबादकडे निघतो. फलाटावर उतरले की कोळशाने भरलेल्या वाघिणींची रांग संपता संपत नाही. या भागाचा कोळसा जुना नावाजलेला. वरोऱ्याची खाण तर इंग्रजांच्या अमदानीतली, १९०६ साली बंद पडलेली. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी निघाली. इकडे तिला सगळे वेकोलि म्हणतात. माजरी हे तिच्या क्षेत्रांपैकी एक. त्यामुळे या गावात पेरणीच्या तारखांइतकीच खाणीच्या पाळीचीही चर्चा चालते.

मार्गशीर्षात मी माजरीला गेलो तो धाकट्या बहिणीच्या निरोपावरून. तिचे मालक खाणीत कामाला आहेत. तिचा निरोप असा, "दादा, पोरगं रात्री भुताच्या घरात जाऊन बसते. त्याच्या बापाचं आयकत नाही. तुमी येऊन सांगा."

भाचा एकोणीस वर्षांचा, हुशार, पण सध्या मोबाईलच्या नादात. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एक कार्यक्रम काढला होता. गावाच्या कडेला, खाणीच्या बाजूला, काही घरे रिकामी पडली आहेत. जमिनी खाणीत गेल्या, माणसे नव्या वस्तीत राहायला गेली. त्यांतल्या एका मोठ्या घराबद्दल वदंता उठली होती. चौघांनी ठरवले, या घरात रात्रभर राहायचे, चार कोपऱ्यांत चार मोबाईल लावायचे आणि जो आधी पळेल तो हरला. रात्रीचे चित्रण सकाळी लोकांना दाखवायचे. दोन रात्री झाल्या होत्या. दुसऱ्या रात्री एक पोरगा ओकारी येऊन, डोके धरून बाहेर पडला होता. ते चित्रण हजारो लोकांनी पाहिले, असे भाचा मोठ्या अभिमानाने सांगत होता.

या पोरांनी हे काही हवेतून आणले नाही. माणसांना एका घरात कोंडायचे, चहूकडे कॅमेरे लावायचे आणि बाकीच्या जगाने ते बघायचे, हा खेळ १९९९ साली हॉलंडमध्ये सुरू झाला. त्याचाच मराठी अवतार २०१८ पासून आपण घरोघरी पाहिला. भुताच्या घराचेही तसेच. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली, तिचे चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या एका घरात झाले. मालिकेत मरणे आणि भुते दाखवली, पण घर खरे होते. मग लोक गाड्या करून ते घर पाहायला जाऊ लागले. पडद्यावरचे भूत खोटे हे सगळ्यांना ठाऊक होते, तरी अंगणात उभे राहून फोटो काढण्याची हौस कोणाला सुटली नाही.

यात गंमत आहे तोवर ठीक. पण विलायतेत एकदा ही गंमत अंगाशी आली होती. ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीने लंडनमधल्या एका भुताटकीच्या घरातून थेट प्रक्षेपण होत असल्याचा देखावा केला. रोजच्या पाहण्यातले, विश्वासाचे निवेदक त्यात होते. खरे तर तो सगळा आधीच चित्रित केलेला नाटकाचा प्रकार होता. पण लाखो लोकांना तो खरा वाटला. फोनचा भडिमार झाला. पुढे १९९४ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांनी दोन दहा वर्षांच्या मुलांची हकिगत छापली. तो कार्यक्रम पाहून ती मुले इतकी भेदरली होती, की त्यांच्यावर उपचार करावे लागले. बीबीसीने तो कार्यक्रम आपल्या देशात पुन्हा कधी दाखवला नाही.

हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, ते खोटं होतं. आमचं खरं हाय. तुमी स्वतः येऊन पाहा न!"

मी म्हटले, "येतो. पण आधी दिवसा."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी जावईबापू, भाचा आणि मी असे तिघे तिकडे गेलो. घर एकेकाळी ऐसपैस असणार. सागवानी दाराची चौकट, ओसरी, मधली खोली, मागे गोठा आणि अंगणात तुळशीवृंदावन. छपराची कवेलू अर्धी गेलेली. भिंतींना भेगा. दार मी उघडले आणि सोडले, तर ते आपोआप हळूहळू येऊन मिटले.

"पाह्यलं?" भाचा म्हणाला.

जावईबापूंनी खिशातून एक लिंबू काढले आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवले. आम्हाला वाटले, आता हे कसला उतारा करतात! पण लिंबू घरंगळत मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबले. ते म्हणाले, "जमीन खचली हाय मांगच्या अंगाने. चौकट वाकडी झाली. दार मिटणारच."

मग ते गंभीर झाले. या पट्ट्यात जुन्या भूमिगत खाणीही आहेत. कोळसा काढून घेतला की खाली पोकळी राहते. वरची जमीन कधी वर्षानुवर्षे टिकते, कधी एका क्षणात बसते. माजरीहून फार लांब नसलेल्या घुग्घुसला २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता साठ-सत्तर फूट जमिनीत गेले. घरची माणसे आधी बाहेर पडली म्हणून वाचली. शेजारची घरे रिकामी करावी लागली. "भूत काय करते ते मले मालूम नाही," जावईबापू म्हणाले, "पन जमीन काय करते ते मी पाह्यलं हाय."

मधल्या खोलीत भाच्याने कोपरा दाखवला. तिथे जमिनीवर बोटाएवढे काळपट गोळे पडले होते आणि त्यांतून बारीक हाडे, चिमुकल्या कवट्या दिसत होत्या. त्यांच्या चित्रणात हाच भाग सर्वांत जास्त पाहिला गेला होता. करणीची हाडे म्हणून! मी एक गोळा काडीने फोडला. आत केस, हाडे आणि पिवळट दात असलेली कवटी. उंदीर ज्याच्या शेतात झाला आहे त्याला ते दात ओळखायला चष्मा लागत नाही. मी वर आढ्याकडे पाहिले. भिंत आणि वाशाच्या मध्ये पांढरी विष्ठा ओघळलेली होती. मी काही बोललो नाही.

मागच्या खोलीत एक घमेले होते आणि त्यात राख.

"हे काय?"

"थंडी लय होती मामा. कोळसा पेटवला होता."

"आणि दार?"

"लावून घेतलं होतं. वारा येत होता न."

माझ्या पोटात गोळा आला. वाचकहो, हा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड धुमसत ठेवले की त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोके दुखते, गरगरते, उलटी होते, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठेलच असे नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञाने आपल्या मासिकात एका कुटुंबाची हकिगत छापली होती. जुन्या घरात राहायला गेलेल्या त्या कुटुंबाला रात्री पावले ऐकू येत, माणसे दिसत, डोके जड होई, घरातली झाडेसुद्धा वाळू लागली. तपासात निघाले, की घर उबदार ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा धूर घरात शिरत होता. भट्टी दुरुस्त झाली, भूत गेले. ओकारी आलेला तो पोरगा भुताने बाहेर काढला असे म्हणायचे असेल तर म्हणा, पण त्या भुताने चौघांचेही प्राण वाचवले. तो उठून दार उघडून बाहेर गेला नसता, तर सकाळी मोबाईल चार आणि माणसे शून्य अशी गत झाली असती.

भाच्याचा चेहरा उतरला. तरी त्याच्याकडे एक हुकुमाचे पान शिल्लक होते. "ठीक हाय. पन पांढऱ्या लुगड्यातली बाई? ते तर आमी शूट केली हाय. दर गुरुवारी येते. आज गुरुवारच हाय."

तिन्हीसांजेला आम्ही परत गेलो. घरात पाऊल टाकायचे नाही, अंगणाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, या अटीवर. चंद्रपूर जिल्ह्यात काळोखात बाहेर पडताना भुताच्या आधी वाघ-बिबट्याचा विचार करावा लागतो, म्हणून जावईबापूंनी दोन काठ्या आणि मोठी बॅटरी घेतली. भाच्याचे तिन्ही मित्रही आले.

सूर्य ढिगाऱ्यांमागे गेला. थंडी उतरली. दूर खाणीच्या बाजूला जमिनीतून एक धुराची रेघ वर निघत होती. जावईबापू म्हणाले, कोळशाला हवा लागली की तो आतल्या आत तापतो आणि कोणी काडी न लावता पेटतो. रात्री लांबून तो निखारा दिसला तर अनोळखी माणसाची बोबडी वळायचीच.

तेवढ्यात घरातून आवाज आला. लांब, खरखरीत, घशातून ओढलेला श्वास. श्शऽऽऽ. थांबला. पुन्हा आला. मग दोन, तीन आवाज एकदम. खरे सांगतो, सगळे ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. पोरे एकमेकांना बिलगली.

मी बॅटरी घेतली आणि पडक्या छपरातून आढ्यावर झोत टाकला. तिथे तीन पिल्ले ओळीने बसली होती. पिंपळपानासारखे पांढरे चेहरे, काळे डोळे. झोत पडताच ती डोलू लागली आणि पुन्हा तोच आवाज. त्यांच्या डोक्यावरून पांढरे पंख अजिबात आवाज न करता गेले आणि चोचीत उंदीर घेऊन आई येऊन बसली. गव्हाणी घुबड! शेतकऱ्याचा हा बिनपगारी राखणदार. उंदीर अख्खा गिळतो आणि न पचलेली हाडे-केस गोळा करून ओकतो. पोरांच्या 'करणीच्या कवट्या' त्या याच. अशुभ म्हणून किंवा जादूटोण्यासाठी माणसे या पाखराला मारतात आणि मग उंदरांसाठी विष विकत आणतात.

पोरे हसू लागली. इतक्यात एकाने माझा हात घट्ट धरला. रस्त्याच्या वळणावर एक दिवा हलत येत होता.

पांढरे लुगडे, वाकलेली पाठ. ती आमच्याकडे न बघता अंगणात शिरली, वृंदावनापाशी बसली, पणती लावली, हात जोडले. तिला खोकल्याची उबळ आली. भूत खोकत नाही, एवढे त्या पोरांना कळले असावे. कोणीही मोबाईल काढला नाही.

मी पुढे होऊन म्हटले, "आजी, राम राम. अंधारात एकट्या येता?"

तिने दिवा वर करून आम्हाला पाहिले. "माह्यंच घर होय बाप्पा," ती म्हणाली. "सासूबाईनं बांधलेली तुळस होय. नव्या वस्तीत न्याले कोणी माणूस नाही. पोरं नागपूरले कामाले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तरी दिवा लावाव म्हनून येतो."

मग तिने भाच्याला निरखले. "हे पोरं होत का मोबाईलवाले?"

कोणी बोलले नाही. ती वृंदावनाच्या कट्ट्यावर टेकली आणि हळूहळू सांगू लागली. वस्तीतल्या कोणीतरी मोबाईलवर पांढऱ्या लुगड्यातली पाठमोरी बाई पाहिली आणि तिची चाल ओळखली. पहिल्यांदा लोक हसले. मग लहान पोरांना आया तिच्या दारातून बोलावून नेऊ लागल्या. आठवड्यापूर्वी शेजारच्या एका घरची गाय दुधाला आटली, तर त्या घरची बाई हिच्या दाराकडे बघून थुंकली. "कालपासून हळदी-कुंकवालेही कोणी बलावलं नाही. मी म्हतारी, मले काय. पन रातच्याले कडी लावून घेतो आता. आधी कधी लावली नाही."

त्या क्षणी मला खरी भीती वाटली. घरात वाटली नव्हती तेवढी. कारण याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत म्हातारी माणसे होती, बाया होत्या. मारणारे परके नव्हते, गावचेच होते. तिथेही सुरुवात कुजबुजीनेच झाली असणार.

मी पोरांना तिथेच, पणतीच्या उजेडात, सांगितले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. आणि गाय दुधाला आटली तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे. गाभण असेल, कासेचा आजार असेल, चारा कमी पडला असेल. त्याचे औषध शेजारणीच्या दारात नसते.

भाचा मान खाली घालून उभा होता. मग तो म्हातारीच्या पायाशी बसला. "आजी, आमाले मालूम नव्हतं. आमी ते काढून टाकतो."

"काहाडलं तरी ज्यानं पाह्यलं त्याच्या डोक्यातून निघते का रे?" म्हातारीने विचारले. प्रश्न साधा होता. त्याला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "भुताची गोठ सांगाची तं सांग. पन माह्यी पाठ नोको दाखवू. माह्यं तोंड दाखव अन् नाव सांग. मंग कोण भेते पाहू."

पोरांनी त्या रात्रीच जुने चित्रण काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात नवे केले. त्यात लिंबू घरंगळले, घमेले दाखवले, गव्हाणी घुबडाची पिल्ले लांबून दाखवली आणि शेवटी म्हातारीने स्वतः सांगितले, की हे घर माझे, ही तुळस माझी, दिवा मी लावते. आधीच्या चित्रणाइतके लोक ते बघणार नाहीत हे भाच्याला पक्के ठाऊक होते. तरी त्याने वस्तीतल्या घराघरात जाऊन ते दाखवले. त्या गाईच्या घरी तो आधी गेला.

मग राहिली तुळस. ती तिथे असेपर्यंत म्हातारी त्या खचत्या घरी येतच राहणार. जावईबापूंनी एका ओळखीच्याची बैलगाडी आणली. चार पोरांनी वृंदावनाचा पाया खणला. विटा जुन्या, चुन्यात बसवलेल्या. एकेक सोडवून गाडीत रचल्या. तुळस मुळांच्या मातीसकट ओल्या पोत्यात गुंडाळली. म्हातारी गाडीत पुढे बसली, तुळस मांडीवर. वस्तीत गाडी शिरली तेव्हा दोन-तीन बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांतल्या एकीने आत जाऊन तांब्याभर पाणी आणले आणि काही न बोलता तुळशीच्या मुळाशी ओतले.

मी संध्याकाळच्या गाडीने परतलो. माजरीच्या फलाटावर भाचा पोचवायला आला होता. गाडी हलताना तो म्हणाला, "मामा, घुबडाच्या पिल्लाले पंख फुटले का ते मी पाहून सांगतो. बाहेरूनच पाहीन."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तिन्ही पिल्ले उडून गेली होती. आणि म्हातारीने रात्री कडी लावणे सोडले होते.